केराबाईचं तळं

उंबरखोलच्या देवळामागे हे जे तळं दिसतं, त्याला अकरा पायऱ्या आहेत. अकरावी बारा महिने पाण्याखाली असते. आमच्या गावात लग्नात नवरा मुलगा तांदळाच्या ताटात बायकोचं नवं नाव लिहीत नाही. ताट येतं, तांदूळ हाताने सारखे केले जातात आणि तसेच कोरे आणून इथल्या माशांना टाकतात. मग नवरी दहाव्या पायरीवर उभी राहून आपलं माहेरचं नाव मोठ्याने सांगते. बाहेरून आलेल्या मंडळींना याचं हसू येतं. तळ्याचं नाव ऐकून तर फारच येतं. येऊ दे. गढीवरच्या माईसाहेबही हसल्या होत्या, असं सांगतात.

गढी ती, समोरची. आता नुसतं जोतं उरलंय आणि त्यावर घाणेरी माजलीय. त्या काळी म्हणे तिथल्या माणसांना गावाचा वारासुद्धा गाळून हवा असायचा. माईसाहेब देवळात आल्या की बायकांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं, आणि देवीपुढे हात जोडतानाही त्यांची मान ताठच. देवीनेच जरा वाकून बघावं, असा सगळा थाट.

थोरल्या मुलासाठी त्यांनी घाटाखालची मुलगी पसंत केली ती रूप बघून. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. नाव काय, बदलायचंच असतं. मांडवात ताट पुढे आलं तेव्हा भटजींनी माहेरचं नाव विचारलं. मुलीची आई म्हणाली, “केरा.”

माईसाहेब हसल्या. “केरा? सुनेचं नाव विचारलंय हो, उकिरड्याचं नाही.”

त्या आईने सगळं सांगितलं. आधीची तीन मुलं पाचवीच्या आत गेली होती. चौथीला जन्मताच सुपात घालून केरावर ठेवलं, म्हणजे मरणालाही तिची किळस यावी. उंबरखोलच्या याच देवीला नवस बोलली, ‘ही जगली तर मरेपर्यंत केराच राहील.’ पोर जगली. “एवढं नाव तेवढं राहू द्या,” म्हणत तिने विहिणीपुढे पदर पसरला.

“नवस तुमचा, तुमच्या घरी फेडा,” माईसाहेब म्हणाल्या. “आमच्या घरात केर रोज सकाळी बाहेर टाकतात.” आणि ताटात ‘राजलक्ष्मी’ लिहिलं गेलं. वर ताकीद दिली, जुनं नाव तोंडातून निघालं तर उंबऱ्याबाहेर. माहेरची वाट तर आईने डोळे पुसतच बंद केली होती. परत आलीस तर पाठच्या बहिणीला कोण करून घेईल, म्हणाली.

त्याच वर्षी गढीवाल्यांनी हे तळं खोदायला घेतलं. गावच्या बायका तेव्हा अर्धा कोस उतरून नदीवरून पाणी आणत. माईसाहेबांना गावाच्या घशाची काळजी नव्हती, देवळामागे आपलं नाव राहावं एवढंच होतं. अकरा पायऱ्या झाल्या. खाली कोरडा कातळ. सोमा गुरवाने सांगितलं, थोरल्या सुनेच्या हातून पूजा करा. पूजा झाली, राजलक्ष्मीच्या नावाने संकल्प सोडला. थेंब नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी गुरवाने कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली आणि विचारलं, राजलक्ष्मीची पूजा पावली का? उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. दिवस कलला तरी एकही फूल हललं नाही.

गुरव म्हणाला, “माईसाहेब, देवी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. ती म्हणते, ही कोण? या नावाची बाई मला ठाऊक नाही.”

“मग तिला सांग, ओळख करून घे,” माईसाहेब म्हणाल्या. “तळं कोरडं राहिलं तरी चालेल. माझ्या पायऱ्यांवर केराचं नाव घेतलं जाणार नाही.”

त्याच आठवड्यात कुंभाराची भरल्या दिवसांची सून नदीच्या उतारावर घागरीसकट घसरली. ती वाचली, मूल गेलं. गढीच्या सज्ज्यातून केराने तिला झोळीतून नेताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न विचारता निघाली, उंबरा ओलांडला, आणि सगळं गाव बघत असताना अकराव्या पायरीवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, “आई, मी केरा. तुझ्या नवसाची. तीन वर्षं खोटं नाव सांगितलं, चुकले.”

असं म्हणतात की आधी तिची पावलं ओली झाली. मग घोटे बुडाले.

गाव आनंदाने ओरडलं. जिच्या नावाने तळं भरलं, तिला घराबाहेर काढायची गढीवाल्यांची हिंमत झाली नाही. पण माईसाहेबांचं नाक काही खाली आलं नाही. “केराचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही,” म्हणाल्या. पुढची अकरा वर्षं एकट्या त्यांच्यासाठी नदीवरून घागर येत होती. सुनेला त्यांनी एकदाही नावाने हाक मारली नाही. ‘ए’ म्हणून काम भागवलं.

मग त्या आजारी पडल्या. शेवटचं पाणी द्यायची वेळ आली आणि नदीवर गेलेला गडी काही परतला नव्हता. केरा तळ्याचं पाणी घेऊन उशाशी बसली. बायका कुजबुजल्या, “पाज गं, त्यांना आता काय कळतंय कुठलं ते!”

केरा म्हणाली, “फसवून नको.” आणि कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, “माईसाहेब, हे तळ्याचं पाणी आहे. आणलंय मी, केराने. देऊ?”

मग मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या,

“ऐकलं. बहिरी नाही मी. पाज आता, केरा.”

एक घोट त्यांनी घेतला. दुसरा मागितला की नाही, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. मला विचाराल तर मागितला असणार. पाणी गोड आहे, बघा चाखून.

आजही आमच्याकडे नवरी पायरीवरून नाव सांगते, मग तळ्यातली ओंजळ सासूपुढे धरते. सासूने “ऐकलं” म्हणायचं आणि मगच प्यायचं. एखादी खट सासू नाक मुरडून “बहिरी नाही मी” एवढंही वर जोडते. पण सुनेचं नाव घेतल्याशिवाय तिला कुणी पाणी पिऊ देत नाही.