लिंबाजीची प्रश्नावली

उंबरवाडीत लिंबाजी नावाचा एक भोळा सेवेकरी राहत असे. देऊळ झाडावे, वीणा पुसावी आणि सांगितले तेवढेच करावे, हा त्याचा नेम.

उद्यापासून अखंड हरिनाम सप्ताह बसायचा होता. सप्ताहाचा प्रमुख होईल त्याच्या गळ्यात वीणा पडायची. अर्धे गाव कडक शिस्तीच्या भिवाअण्णांचे, अर्धे मवाळ शिदूतात्यांचे. निवड न झाल्यास चाळीस वर्षांचा सप्ताह मोडणार होता.

शाळेच्या गुरुजींनी तालुक्याच्या प्रशिक्षणातून पुढारीपण जोखण्याची प्रश्नावली आणली होती. वीस प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. लिंबाजी कोणाच्याच बाजूचा नव्हता, म्हणून कागद त्याच्या हाती आले.

"पुढाऱ्याला विचारायचे नाही," गुरुजी म्हणाले. "त्याच्या मागून चालतात त्यांना विचार."

भिवाअण्णा रानाकडे निघाले होते. मागून अकरा शेळ्या.

"आपले म्हणणे ऐकून घेतले जाते का?" लिंबाजीने अदबीने विचारले. एका शेळीने कागदाचा कोपरा खाल्ला. त्याने लिहिले: उत्तर नाही, प्रश्न आवडला.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे माउली, माणसांना विचार! आणि ज्याच्याविषयी विचारशील, त्याला ऐकू जाता कामा नये."

शिदूतात्या देवळात अभंग म्हणत होते, मागे टाळकरी. लिंबाजीने निरांजनातल्या दोन वाती विझवल्या आणि तात्यांच्या दोन्ही कानांत खोचल्या. तूप मानेवर ओघळले.

"तात्या संकटात शांत राहतात का?" त्याने टाळकऱ्यांना विचारले. तेवढ्यात तात्यांचा टाळ त्याच्या पाठीत बसला. त्याने शून्य लिहिले.

"पुढाऱ्याच्या अंगाला हात लावू नकोस!" गुरुजी कडाडले. "तो आपणहून ऐकत नसेल अशी वेळ गाठ. सर्वाधिक गुण मिळतील त्याच्या गळ्यात वीणा घाल, मगच मला तोंड दाखव."

"वीणा घालताना हात लागला तर?"

"तेवढा लागू दे!"

त्याच दुपारी केरबा नाईक वारले. हयातीत त्यांचे कोणाशी पटले नव्हते. भजनी मंडळाचा मृदंग त्यांनी एकदा रागाने विहिरीत टाकला होता. अंत्ययात्रेत लिंबाजीने पाहिले, एक जण पुढे, सारे गाव मागे, आणि पुढच्याला काहीच ऐकू येत नाही.

"सगळ्यांना सांभाळून घेत?"

"देवमाणूस होता रे!" भिवाअण्णांनी हुंदका दिला.

"रागावत?"

"कधीच नाही," मृदंगवाले म्हणाले.

"त्यांची जागा कोणी घेईल?"

"पंचक्रोशीत नाही!" शिदूतात्यांनी डोळे पुसले.

शंभरपैकी शंभर.

तिन्हीसांजेला सभा भरली. लिंबाजीने निकाल वाचला.

"अरे, ते गेले ना!" गुरुजी ओरडले. "आणि वीणा कुठे आहे?"

"आपण सांगितले तिथेच. प्रमुखांच्या गळ्यात."

तिरडीवरच्या हारांमधली ती वीणा सर्वांनीच पाहिली होती. नाइकांच्या घरच्यांना वाटले, मंडळाने दिलेला मान आहे. मंडळाला वाटले, घरची वीणा असेल.

"अग्नी देण्याआधी तरी काढायचीस!"

"काढणार कशी, गुरुजी?" लिंबाजी नम्रपणे म्हणाला. "हरकत असेल त्याने हात वर करावा, असे मी तीनदा म्हणालो. सारे गाव हात जोडून उभे होते."