पन्हळीचे उष्टावण

पूर्वी उदुंबर नगरीत महाकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पारख्याच्या घरी जन्माला आला. वडिलांमागे तोच राजाचा सुवर्णपरीक्षक झाला. कमरेला कसोटीचा काळा दगड, हातात गुंजांचा लहानसा तराजू आणि तोंडात अगदी मोजके शब्द. त्याने एखादा दागिना हिणकस ठरवला तर मालक त्याच्याशी वाद घालीत नसे. मनातल्या मनात सोनाराला शिव्या घालीत घरी जाई.

त्याच नगरीत देवल नावाचा सुतार राहत होता. गोष्ट बोधिसत्त्वाची खरी, पण ती घडताना देवल शेजारी उभा होता आणि तिचा धक्का त्याला जन्मभर पुरला. म्हणून आपणही त्याच्याच शेजारी उभे राहू.

नगरीबाहेर कपिशा नदी वाहत असे. तिच्या काठी झारेकऱ्यांची साठ घरे होती. वाळू धुऊन सोने काढणे हा या लोकांचा धंदा. लाकडाच्या काठवटीत वाळू घ्यायची, पाण्यात हलवून हलवून धुवायची आणि तळाला राहिलेले कण टिपायचे. जाड कण हाती लागत. पण पिठासारखे बारीक सोने पाण्याबरोबर डोळ्यांदेखत निघून जाई. धुतलेल्या वाळूला ते लोक मेलेली वाळू म्हणत. ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी टाकून तिचे मोठे टेकाड झाले होते. पुराचे पाणी तिथवर चढत नसे, म्हणून त्यांनी घरेही त्या टेकाडावरच बांधली होती.

निसटणारे ते बारीक सोने देवलने एकदा पाहिले आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. सात वर्षांत त्याने नऊ पन्हळी केल्या. पहिलीतून सोने तर गेलेच, तळाशी अंथरलेली घोंगडीही वाहून गेली. आणि घोंगडी बायकोची होती. दहावी मात्र त्याच्या मनासारखी उतरली. सोळा हात लांब लाकडी पन्हळ, तिच्यात आडव्या पट्ट्या, पट्ट्यांखाली लोकरीची जाड घोंगडी. वरून वाळू आणि पाणी सोडायचे. पाणी पट्ट्यांवरून उड्या मारीत पुढे जाईल आणि सोन्याचे जड पीठ लोकरीत अडकून बसेल, असे देवल म्हणत असे. राजाने ऐकले आणि सांगितले, "म्हणतोस ते पारख्यासमोर करून दाखव."

परीक्षेची रीत बोधिसत्त्वाने ठरवली. टेकाडाच्या पायथ्याची मेलेली वाळू काढून तिच्यात शंभर गुंजा सोन्याचे पीठ मिसळायचे. तेवढी वाळू पन्हळीतून सोडायची, घोंगडी धुऊन निघालेले सोने तोलायचे. किती हरवले ते तराजूच सांगेल. त्याने सोन्यावर पहारा बसवला, वाळूवर पहारा बसवला. रिकाम्या पन्हळीवर मात्र बसवला नाही. जिच्यात अजून काही नाही तिची राखण कशाची करायची?

परीक्षेच्या सकाळी राजा नदीवर आला. रिवाजाप्रमाणे भालदाराने राजतुळेचा कायदा मोठ्याने वाचला. "परीक्षेत जो भर घालील किंवा उणे करील, त्याचा हात कारण न विचारता तोडला जाईल. हात तुटला की गुन्हा मिटला. तो पुन्हा कोणी उकरू नये." सगळ्यांनी तो हजारदा ऐकला होता. मागे उभ्या असलेल्या झारेकरणी तर एकमेकींशी हसत बोलत होत्या. देवल त्यांचा लाडका होता. सात वर्षे त्याने त्यांच्याच चुलीवर जेवून पन्हळी बुडवल्या होत्या.

वाळू सोडली. दोन प्रहर पाणी वाहिले. घोंगडी धुतली, गाळ वाळवला, सोने तराजूत पडले. देवलचे सगळे लक्ष काट्यावर. ऐंशी झाले तरी त्याला नाचायचे होते. ऐंशी झाले, नव्वद झाले, शंभर झाले. काटा थांबेना. बोधिसत्त्वाने एकशे बारावी गुंज टाकली तेव्हा तो स्थिर झाला.

शंभर घातले आणि एकशे बारा निघाले! जमलेल्या लोकांनी गजर केला. कोणीतरी देवलला खांद्यावर घेतले, आणि तिथून त्याला राजाचा चेहरा दिसला. राजा पन्हळीकडे बघत नव्हताच. तो टेकाडाकडे बघत होता.

"म्हणजे मेलेल्या वाळूत सोने आहे," राजा हळूच म्हणाला. "मूठभर वाळूत बारा गुंजा. मग ते अख्खे टेकाड..." त्याने सेनापतीला बोलावले. "उद्यापासून घरे पाडा. टेकाड मुळापासून खणून या पन्हळीतून धुवायचे. या सुताराला नदीचा अधिकारी करा, आणि पारख्याला कोशाध्यक्ष."

देवल खांद्यावरून खाली उतरला. साठ घरे! आणि खोटे कशाला सांगा, 'नदीचा अधिकारी' हे शब्द कानांवर पडले तेव्हा क्षणभर त्याला गोडही वाटले होते. त्या गोडीने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बोधिसत्त्व तराजूजवळून उठला नव्हता. सोने बोटाने पसरून तो बघत होता. त्याने देवलला जवळ बोलावून एक कण दाखवला. तो कण नव्हताच. नखाएवढीही नसलेली, कातरलेली तार होती.

"ही कानातल्या बाळीची तार," तो म्हणाला. "वाळूत बाळ्या उगवत नाहीत, देवल. चल."

दोघे टेकाडावर गेले. उन्हे अजून उतरली नव्हती. घरे पाडण्याचा हुकूम वर पोहोचला नव्हता, त्यामुळे बायका आनंदात होत्या. पिंगला नावाची सर्वांत वडीलधारी झारेकरीण पुढे आली. तिच्या एका कानात बाळी होती, दुसऱ्या कानातल्या बाळीचा तुकडा कातरलेला होता.

"आई, पन्हळीत काही घातलंत का?" बोधिसत्त्वाने विचारले.

"घातलं म्हणजे? उष्टावण केलं!" पिंगला हसली. "नवी काठवट पहिल्यांदा पाण्यात जायची तर तिला आधी घास भरवायचा, घरटी एक कण. ही तर आमच्या देवलाची पन्हळ. उपाशी पोटी कामाला लावायची होय तिला? उजाडायच्या आत सगळ्याजणी जाऊन भरवून आलो. माझ्या घरी कण नव्हता, मग बाळी कातरली."

पट्टीवरचे हळदीचे बोट देवलने सकाळी पाहिले होते. कोणी पूजा केली असेल असे वाटून तो पुढे गेला होता.

"पिंगलाआई, भालदाराने कायदा वाचला तो ऐकला नाहीस?" तो म्हणाला. "भर घालील त्याचा हात..."

"भर कुठं घातली आम्ही?" पिंगला खरोखरच गोंधळली. "आम्ही उष्टावलं."

मग देवलने राजाचा हुकूम सांगितला. साठ बायका आपापल्या हातांकडे बघत राहिल्या. गप्प राहावे तर घरे जाणार. बोलावे तर हात जाणार.

"उद्या तुम्ही कोणी नदीवर येऊ नका," बोधिसत्त्व म्हणाला. एवढे बोलून तो टेकाड उतरला.

दुसऱ्या दिवशी घरे पाडायला माणसे निघाली तेव्हा तो राजाच्या वाटेत उभा राहिला. "महाराज, कालची परीक्षा बिघडलेली आहे. आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घ्या. टेकाडाला तोवर हात लावू नका."

राजा चिडला, पण पारख्याचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. पुन्हा वाळू आली, पुन्हा शंभर गुंजा मिसळल्या. या वेळी पन्हळीला चारी बाजूंनी पहारा होता. दोन प्रहरांनी काटा त्र्याण्णवांवर थांबला. शंभरावर एक कणही नाही. मेलेली वाळू मेलेलीच होती, आणि देवलची पन्हळ मात्र अस्सल होती. ज्या यशासाठी त्याने सात वर्षे घातली ते समोर लखलखत होते आणि त्याला त्याच्याकडे बघवेना.

"टेकाड राहू द्या," राजा म्हणाला. लालूच फसल्याचा राग त्याच्या डोळ्यांत उतरला. "पण काल माझ्या तुळेशी कोणी खेळ केला? नाव सांग."

"नाव सांगणार नाही, महाराज. परीक्षा माझी होती. पन्हळ उघडी ठेवली ती मी. बिघडवणारा हात शोधायचा तर माझ्यापासूनच शोध सुरू होतो." बोधिसत्त्वाने उजवा हात तराजूच्या पाटावर ठेवला. कसोटीवर सोने घासणारा तोच हात.

देवलला वाटले, राजा हसेल, रागे भरेल, हाकलून देईल. राजाही तसाच चपापला होता. पण सगळी नगरी बघत होती, आणि कायदा त्याच्या बापाने केलेला होता. "नाव सांग आणि हात काढून घे," तो पुन्हा म्हणाला. बोधिसत्त्वाने हात पाटावर तसाच ठेवला. देवलने तोंड उघडले. बोधिसत्त्वाने त्याच्याकडे एकदाच पाहिले, आणि देवलने तोंड पुन्हा मिटले.

घाव एकच पडला. देवलने पुढे कधीही कोणाला त्या आवाजाविषयी सांगितले नाही.

वैद्यांनी धावत येऊन मनगट बांधले. बोधिसत्त्वाचे ओठ निळे पडले होते, पण तो बसून राहिला. "महाराज," तो म्हणाला, "हात तुटला की गुन्हा मिटतो ना?"

"मिटला," राजा कसाबसा म्हणाला.

"तो पुन्हा कोणाला उकरता येणार नाही?"

"नाही."

"मग आता कारण ऐका. हात तुटेपर्यंत ते विचारायला कायद्याची मनाई होती." आणि त्याने उष्टावण सांगितले. साठ घरांतून आलेला एकेक कण सांगितला. ज्या घरी कण नव्हता तिथली कातरलेली बाळी सांगितली. "त्यांनी आपल्या तुळेतून काही घेतले नाही, महाराज. आपल्या पदरचे घातले. या सुताराची पन्हळ उपाशी राहू नये म्हणून."

राजा उभ्याचा खाली बसला, ओल्या वाळूतच. तो पाटावरच्या रक्ताकडे बघत राहिला. "देणाऱ्यांसाठी तू हात दिलास," तो म्हणाला, "आणि तो मी तोडला." भालदाराच्या हातातला कायदा त्याने मागून घेतला आणि 'कारण न विचारता' हे शब्द स्वतःच्या नखाने खरवडून काढले. नख मोडेपर्यंत तो खरवडत होता.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ता थांबले. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज संघात नियमांवर सर्वांत कठोरपणे बोट ठेवणारा हा भिक्षू कंकट. देवल सुतार म्हणजे त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेला सुमुख. आपल्या वाटणीची भिक्षा नव्या भिक्षुणीला देऊन काल उपाशी राहिलेली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी उत्पला, ती पिंगला. आणि तो पारखी मी होतो. पारखी असून त्या दिवशी मी शिकलो ते त्या बायकांकडून. जवळ असेल ते, मागे काही न ठेवता देणे, याचे नाव दानपारमिता."