तीन सरांचा तन्मणी

एकदा काय झालं, तळ्याकाठच्या गावात एक पटवेकरीण राहायची. पटवेकरीण म्हणजे रेशमात मोती ओवून देणारी, बरं का. तिची एकुलती एक लेक, सगुणा. बाई आजारी पडली ती उठलीच नाही. जाता जाता तिनं लेकीच्या गळ्यात मोत्यांचा तीन सरांचा तन्मणी घातला. म्हणाली, "सगुणे, एका सरात माझी हाक आहे, एकात हसू आणि एकात ओवी. मोती फार नाजूक गं बाई. अत्तर-तेल आटोपलं की मगच घाल. पेटीत कोंडू नकोस, त्याला अंगाची ऊब लागते. आणि आंबट तर दाखवूसुद्धा नकोस."

आई गेली. पण सकाळी पहिला सर म्हणायचा, "सगुणे, ऊठ!" दुपारी दुसरा खुदकन हसायचा. रात्री तिसरा ओवी म्हणायचा. पोर तेवढ्यावर जगायची हो.

मग आली जत्रा. कार्टीनं घाईत तन्मण्यावरूनच अत्तर फासलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी हाक नाही. पहिला सर पार मंदावला होता.

मग ती इतकी घाबरली, की तन्मणी कापसात गुंडाळून पेटीत ठेवला. ऐकावंसं वाटे, पण हात धजेना. वेडी माया, दुसरं काय! पावसाळा सरल्यावर पेटी उघडली, तर दुसरा सर पिवळा पडून तडकलेला. हसूही गेलं.

मग तिचं लग्न ठरलं. असा पिवळा तन्मणी घालून बोहल्यावर कसं उभं राहायचं? देवाची तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख होतात, मग मोती का नाही होणार? ए शकू, अंथरुणातून ओरडू नकोस, तिला आठवायला हवं होतं हे खरंच! तिनं चिंच कालवली आणि तन्मणी घासघास घासला. सगळं तेज धुऊन गेलं. हातात राहिले नुसते खडूसारखे खडे.

ते कानाशी धरून ती म्हणाली, "आई, एकदाच बोल. रागाव हवं तर." काही म्हणजे काही नाही. ऊर फुटेस्तोवर रडली बिचारी.

पुढं लग्न झालं, घर भरलं, सगळं गोड झालं म्हणतात. मला नाही तसं वाटत. तिला लेक झाली. तिला निजवताना ती ते मुके मणी मऊ कपड्यानं पुसून गळ्यात घालायची आणि म्हणायची, "नीज गं माझ्या बाई, तळं निजलं काठाला..." आणि थांबायची. पुढची ओळ मोत्यांबरोबर गेली होती.

त्या लेकीनं आपल्या लेकीला तेवढीच म्हटली. तिनं मला.

आता पुढची ओळ विचारू नका. मलाही येत नाही. मी नुसती गुणगुणते, तेवढ्यावर निजा बघू.