बरणी उघडायची कोणी?

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि शहाणे राजे थोडेच होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण यातला सगळा घोळ मोठ्यांनीच घातलेला आहे.

एका डोंगराळ राज्यात अडुळसा उदंड वाढत असे. पोरं खोकू लागली की घरोघरी त्यांना अडुळशाचा पाक देत. राजधानीतला एक पाकवाला तो मोठ्या कढईत शिजवी, मातीच्या बरण्यांत भरी आणि तोंडाला लाखेची मोहोर लावी. एक ठोक व्यापारी त्याच्याकडून त्या बरण्या उचली. व्यापाऱ्याकडून दुकानदार नेत आणि दुकानदाराकडून लोक.

त्या राज्यात भेसळीचा कायदा मोठा कडक होता. ज्याने विकलेल्या अन्नाने किंवा औषधाने कोणाला बाधा होईल, त्याच्या दुकानाला जन्माचं टाळं लागे आणि त्याला राज्याबाहेर हाकलून देत. ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब चालत नसे. मग बिचाऱ्या प्रामाणिक दुकानदाराने करावं काय? त्याच्या बचावासाठी कायद्यात एक सोय होती. माल मोहोरबंद असताना, मोहोर न फोडता पुढे दिला असेल, तर देणारा निर्दोष. ज्याने मोहोर फोडली, त्याने आतल्या मालाची जबाबदारी पत्करली.

हेतू चांगलाच होता हो. पण झालं असं, की त्या दिवसापासून बरणीत कोणी डोकावेनासं झालं. पूर्वी दुकानदार गिऱ्हाइकासमोर बोटाने पाक चाखून दाखवत. आता ते मोहोर दाखवू लागले. गिऱ्हाईकही मोहोर पाहून खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा कारभार.

खिंडीजवळच्या एका गावात एक बाई मुळ्या-पाल्यांचं छोटं दुकान चालवीत असे. एका हिवाळ्यात तिने पाकाच्या बरण्या विकल्या. पोरांचा खोकला एका रात्रीत पळाला. आया म्हणाल्या, काय गुणाचं औषध! पण सकाळी पोरं उठेनात. दुपारीही अंगणात कोणी दिसेना. बाईने दुकानातली एक बरणी घेतली आणि सरळ मोहोर फोडली. अडुळशाच्या वासाखाली आणखी कसला तरी उग्र वास होता.

ती ओरडतच धावत सुटली. “पाक देऊ नका गं! आहे तो ओतून टाका!” घरात शिरून तिने बरण्या उचलल्या आणि गटारात रिकाम्या केल्या. दुकानातली फोडलेली बरणीही ओतली. ज्यांनी थोडा पाक घेतला होता ती पोरं संध्याकाळपर्यंत हळूहळू जागी झाली. पण विणकराची लेक जागी होईना. गोड लागला म्हणून तिने बरणी चाटूनपुसून संपवली होती. आईने ती घासून त्यात मीठही भरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी बाईला धरलं. तिच्या दुकानात उरलेली एकमेव बरणी, मोहोर शाबूत असलेली, त्यांनी जप्त केली आणि गावच्या कचेरीत न्यायाधीशांसमोर ठेवली. वसुलीसाठी गावात आलेल्या पाकवाल्याला आणि व्यापाऱ्यालाही बोलावून घेतलं. न्यायाधीश वयस्कर, सज्जन, कायदा तोंडपाठ असलेले.

“बाधा झाली आहे,” ते म्हणाले. “दोषी कोण?”

पाकवाला हात जोडून म्हणाला, “महाराज, माझ्याकडून माल मोहोरबंद गेला. व्यापाऱ्याने मोहोर पाहूनच घेतला.”

“निर्दोष,” न्यायाधीश म्हणाले.

व्यापारी म्हणाला, “महाराज, माझ्याकडूनही मोहोरबंदच गेला. मी तर बरणीच्या तोंडाला बोटसुद्धा लावलं नाही.”

“निर्दोष.”

बाई म्हणाली, “महाराज, मी एक बरणी फोडली. वास घेतला म्हणून तर कळलं, आणि पोरं वाचली.”

न्यायाधीशांनी डोळे मिटून कायदा आठवला. विकणाऱ्यांपैकी मोहोर फोडणारी एकटी हीच होती.

“पुढे तिने पाक गटारात ओतला,” व्यापारी घाईने म्हणाला. “पुरावा नाहीसा केला! फोडल्यावर तिनेच त्यात काही मिसळलं नसेल कशावरून?”

“पण पोरं आधी झोपली, मोहोर मी नंतर फोडली,” बाई म्हणाली.

न्यायाधीशांनी मान हलवली. मग उलट बाजूनेही हलवली. बाई म्हणते ते खरं वाटत होतं आणि व्यापारी म्हणतो ते कायद्यात बसत होतं. ज्यांनी पाहिलं नाही ते सुटत होते आणि जिने पाहिलं ती अडकत होती. हे कसं, ते त्यांनाच समजेना. तुम्हाला समजलं असेल तर मला सांगा, मीही अजून डोकं खाजवतो आहे.

एवढ्यात गावचा वैद्य धापा टाकत आत आला, मागोमाग विणकर. “महाराज, विणकराच्या पोरीचा श्वास मंद होतोय. पाकात अफू आहे की धोतरा, ते कळल्याशिवाय उतारा देता येत नाही. अफूचा उतारा धोतऱ्याला दिला तर पोर हातची जाईल. ती बरणी उघडा.”

सगळ्यांनी बरणीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं.

“वैद्यबुवा, तुम्हीच उघडा,” न्यायाधीश म्हणाले.

वैद्याचा हात पुढे गेला आणि थबकला. “म्हणजे... आतल्या मालाची जबाबदारी माझी का हो?”

“कायद्याप्रमाणे, हो.”

वैद्याने हात मागे घेतला. त्यालाही घर होतं, मुलंबाळं होती. कारकून म्हणाला, “पुरावा फोडला तर खटलाच कोलमडेल.” व्यापारी म्हणाला, “मी तर मुळीच हात लावणार नाही.” पाकवाला नुसता घामाघूम झाला होता. विणकर तीरासारखा पुढे धावला, पण शिपायांनी त्याला अडवलं. “जप्तीचा माल आहे, हात लावायचा नाही.”

“माझी पोर मरतेय हो!” विणकर टाहो फोडून म्हणाला. “एक बरणी उघडायला एवढी माणसं लागतात?”

बरणी मधोमध तशीच होती.

तेव्हा बाई उठली. “द्या इकडे. मी उघडते. हद्दपार तर करणारच आहात मला. दोनदा काय करणार?”

“तिच्या हाती देऊ नका!” व्यापारी ओरडला. “काहीतरी टाकील आत!”

न्यायाधीशांचा चेहरा लाजेने लाल झाला. ज्या बाईला ते शिक्षा द्यायला बसले होते, तिच्याखेरीज त्या दालनात एकाही माणसाला त्या पोरीची काळजी स्वतःच्या कातडीहून जास्त नव्हती. त्यांना स्वतःलाही नव्हती. ते आसनावरून खाली उतरले. “थांब बाई, हे माझं काम,” असं म्हणून त्यांनी मोहोर फोडली.

वैद्याने वास घेतला, जिभेच्या टोकावर थेंब ठेवला आणि म्हणाला, “अफू.” पुढचं न ऐकता तो आणि विणकर दोघेही पळाले.

मोहोर दालनात फुटली होती, सगळ्यांच्या देखत. अफू बरणीत पाकवाल्याशिवाय कोणी घातली असेल? पाकवाल्याने मान खाली घातली. खोकला झटपट थांबला की खप वाढतो, एवढाच त्याचा हिशेब होता. प्रामाणिकांसाठीची सोय त्याला लागू नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं; त्याच्या कढईला टाळं लागलं आणि त्याला राज्याबाहेर हाकललं. व्यापारी मात्र अजून म्हणत होता, “पण महाराज, मी तर पाहिलंच नाही!”

“तोच तुझा गुन्हा,” न्यायाधीश म्हणाले. त्याचं दुकानही बंद झालं. मग ते बाईपुढे उभे राहिले आणि सर्वांदेखत हात जोडून म्हणाले, “चुकलो.”

विणकराची लेक तिसऱ्या दिवशी डोळे उघडून आईला पाणी मागू लागली. न्यायाधीशांनी राजाकडून कायदा बदलून घेतला. तेव्हापासून त्या राज्यात मोहोर दाखवणाऱ्याचा बचाव चालत नाही. ज्याने विकण्याआधी माल उघडून, चाखून पाहिला आणि खोट दिसताच ओरडून सांगितलं, त्याचाच चालतो.

तात्पर्य : डोळे मिटून घेतल्याने दोष टळत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या पोराच्या वाट्याला जातो.