कड्याखालचं गाव

"माझं नाव कुठेच कसं नाही, फादर?"

सोलांज ब्रियाक यांनी हे विचारलं तेव्हा वृद्ध फादर आन्सेल्म मठाच्या फाटकाशी बसून मलमाच्या डब्यांना झाकणं लावत होते.

फ्रान्समध्ये सरकारच्या वतीने जो जिल्ह्याचा कारभार पाहतो, त्याला प्रीफेक्ट म्हणतात. सोलांज एकामागोमाग एक पाच जिल्ह्यांच्या प्रीफेक्ट झाल्या. शेवटी एका अख्ख्या प्रांताच्या. परवाच निवृत्त झाल्या होत्या. लहानपणी याच फादरांच्या हाताखाली शिकल्या होत्या.

"पूल मी बांधून घेतले, नावं मंत्र्यांची लागली. एक गल्लीसुद्धा माझ्या नावाची नाही."

"सगळ्यात जास्त मनाला कुठलं लागलं?"

"वालसोंब्र."

फादरांनी हातातली डबी खाली ठेवली.

"बावीस वर्षांपूर्वी त्या गावावरच्या कड्याला भेग पडली होती. तज्ज्ञांत एकमत नव्हतं. मी हुकूम काढला, गाव रिकामं करा. सरपंचाने माझ्यासमोर कागद फाडला. मी शिपाई लावून दोनशे चौदा माणसं बाहेर काढली. तीन दिवस कडा जागचा हलला नाही. सगळे मला हसले. पॅरिसहून फोन आला, तुमचा निर्णय मागे घ्या."

"घेतलास?"

"नाही. चौथ्या दिवशी सकाळी कडा आला खाली. चर्च, शाळा, घरं, सगळं गाडलं गेलं. माणूस एकही गेला नाही. महिन्याभरात माझी बदली झाली. गावाकडून आभाराचं एक पत्रही नाही."

"थोडं थांब," फादर म्हणाले. "आज गुरुवार आहे, मलम वाटायचा दिवस."

काही वेळाने एक म्हातारी काठी टेकत आली आणि बाकावर धप्पकन बसली.

"द्या मलम. गुडघ्यांनी जीव खाल्ला. ब्याऐंशीव्या वर्षी तुमचा हा चढ चढवत नाही हो."

"कुठल्या तुम्ही?" फादरांनी विचारलं. त्यांना ते ठाऊक होतं.

"असं काय करता? वालसोंब्रची. नव्या गावातली. जुनं कड्याखाली गेलं."

"आणि माणसं?"

"माणसं कशाला जातील? आम्ही आधीच निघालो होतो!"

"आपणहून?"

"छे! कोणी सरकारी बाई होती, भलती खडूस. मला शिपायांनी उचलून गाडीत घातलं. चुलीवर सूप उकळत होतं माझं! अजून राग आहे मला."

सोलांज उठल्या. तोंड उघडलं...

फादरांनी त्यांच्या हातात मलमाची डबी ठेवली आणि म्हातारीकडे बोट केलं.

सोलांजनी तोंड मिटलं. मग वाकून त्यांनी डबी म्हातारीला दिली. म्हातारीने वास घेतला, नाक मुरडलं आणि कण्हत, कुरकुरत उतार उतरू लागली.

"ओळखलंसुद्धा नाही," सोलांज म्हणाल्या. "नुसतं गुडघ्यांचं रडगाणं!"

"तेव्हा किती वर्षांची असेल ती?"

"साठीची..."

सोलांज थांबल्या. खाली वळणावर म्हातारी काठी उगारून एका सायकलवाल्यावर ओरडत होती. चांगलं खणखणीत ओरडत होती.

सोलांजना हसू फुटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी ऐकलं नसेल असं, मोठ्याने. मठाच्या ओवरीत ते घुमलं.

"बावीस वर्षं!" त्या ओरडल्या. "दोनशे चौदा माणसांना, फादर! मी मिळवून दिली!"

"गुडघेदुखीसकट," फादर म्हणाले.