नव्वद लाखांचं पोट

एका गावात माणसं कमी आणि गतिरोधक जास्त होते. पंचायतीत जो निवडून येई, तो पहिल्या आठवड्यात आपल्या दारासमोर गतिरोधक घालून घेई. दारासमोर उंचवटा नाही तो मेंबर कसला? आणि जो पडे, तो खुन्नस म्हणून स्वतःच्या खर्चानं त्याहून उंच घाली. हसू नका, तुमच्या गल्लीतलाही काही ठेंगणा नाही.

अशा गावात पायगोंडा मगदूम नावाचे गुळाचे व्यापारी राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस हिशेबी. गिऱ्हाइकाला चवीला दिलेला खडासुद्धा वजनात धरणारा. पण नव्वदच्या दशकात एका वर्षी गुळाला असा भाव आला, की अण्णांचं डोकंच फिरलं. ते मुंबईला गेले आणि येताना जपानी मोटार ट्रकवर घालून घेऊन आले. काळी कुळकुळीत, दोन दारांची, शर्यतीत पळणाऱ्या जातीची. किंमत अकरा लाख रुपये! त्या पैशात तेव्हा गावात चार घरं आली असती, वर अंगणासकट.

अण्णांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "माणसं बसतात किती हिच्यात?"

"दोन."

"सवाऱ्या कोंबणाऱ्या वडापच्या जीपमध्ये अठरा बसतात," पद्माक्का म्हणाल्या आणि आत जाऊन भात टाकला.

पुढच्या रविवारी अण्णा डोळ्यांवर काळा चष्मा चढवून हायवेकडं फिरायला निघाले. पहिलाच गतिरोधक आला आणि मोटार थांबली. जाणार कुठं? तिचं पोट जमिनीपासून वीतभर उंच, आणि गतिरोधक हातभर. वर चढली असती तर पोट फाटलं असतं. अण्णांनी फळी टाकून बघितली. फळी मोडली.

तिथंच हुसेन नालबंदांचं सायकलचं दुकान होतं. हुसेनभाई हातातलं चाक खाली ठेवून बाहेर आले. मोटारीकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि चौकात हाळी दिली, "या रे, अण्णांची म्हैस बसली!"

न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेला एक जण उठून आला, चहाच्या टपरीवरचे आले, एसटीची वाट बघणारे आले. सगळ्यांनी वाकून खाली हात घातले. आधी नाक उचललं, मग शेपूट उचललं आणि म्हैस पलीकडं नेऊन ठेवली. अण्णांनी आतूनच हात हलवला आणि पुढं गेले. पुढं दुसरा गतिरोधक होताच. तिथं दुसरे हात आले.

तेव्हापासून तो गावाचा रिवाजच झाला. रविवार आला की म्हैस बाहेर निघायची आणि गाव तिला हायवेपर्यंत उचलत न्यायचं आणि तशीच परत आणायचं. हसायचं, टोमणे मारायचं, पण उचलायचं. हे असंच वीस-पंचवीस वर्षं चाललं.

आता मोटारीच्या किमतीचं ऐका. अकरा लाखांची मोटार दोन वर्षांत सात लाखांवर आली. मग दोनावर. मग एके दिवशी भंगारवाला दारात आला. त्यानं तिच्या टपावर टिचकी मारली आणि म्हणाला, "तीस हजार देतो. वर वहिनींना स्टीलची कळशी."

पद्माक्कांनी कळशी हातात घेऊन बघितली. बुड पातळ होतं, म्हणून सौदा मोडला. नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण जगाचं काही सांगता येत नाही. ज्या पोरांनी लहानपणी अशा मोटारींची चित्रं वहीत चिकटवली होती, ती पोरं मोठी होऊन पैसेवाली झाली. त्यांना त्याच मोटारी हव्या झाल्या. कारखान्यानं तर त्या बनवायच्या कधीच बंद केलेल्या. मग काय, भाव चढायला लागला. पुण्याच्या देवस्थळी नावाच्या साहेबांचा फोन आला. त्यांना जुन्या मोटारी जमवायचा नाद होता. म्हणाले, "गाडी बघून सांगतो, पण पस्तीस लाख तरी धरून चाला."

फोन ठेवल्या ठेवल्या अण्णा चौकात गेले. इतकी वर्षं पोटात साठवलेलं सगळं बाहेर आलं.

"म्हैस म्हणत होता न्हवं? पस्तीस लाखांची म्हैस आहे! ह्याला पारखी नजर लागते, नजर! तुमच्यासारख्यांना काय कळणार? मी अकरा लाख टाकले तेव्हाच हे ओळखलं होतं."

ओळखलं होतं कसलं! दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मोटारीत पेंडीची पोती ठेवायला जागा होईल का, ते मोजून बघितलं होतं. हुसेनभाई म्हणाले, "अण्णा, बरं झालं की. चांगलं झालं." आणि पंक्चर काढायला बसले.

देवस्थळी आले. त्यांनी मोटारीचा रंग बघितला, इंजिन बघितलं, मग सतरंजी मागून घेतली आणि बॅटरी लावून मोटारीखाली शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. साहेबांचा डोळा लागला की काय, असं अण्णांना वाटलं. शेवटी देवस्थळी बाहेर आले, तेव्हा त्यांच्या केसांत कोळ्याची जाळी होती आणि डोळ्यांत पाणी.

"मगदूमसाहेब," ते म्हणाले, "अशा गाड्या मी पुष्कळ बघितल्या. सगळ्यांची पोटं खरवडलेली, ठिगळं लावलेली. हिच्या पोटावर साधा ओरखडा नाही! कारखान्यातून आली तशी आहे. नुसत्या गाडीचे मी पस्तीस दिले असते. या पोटासाठी नव्वद लाख देतो. पण मला सांगा, असल्या रस्त्यावर तुम्ही हे केलंत कसं?"

अण्णांच्या तोंडातून शब्द निघून गेले, "मी जपून चालवतो."

"धन्य आहे तुमची!" देवस्थळींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "उद्या सकाळी मोठा ट्रक घेऊन येतो, तो गावात वळायचा नाही. हायवेपर्यंत तेवढी सांभाळून आणा. एक जरी ओरखडा आला, तरी भाव पुन्हा पस्तिसावर."

साहेब गेले. पद्माक्का ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कोण चालवत होतं जपून?" त्यांनी विचारलं.

अण्णा मोटारीचा टप पुसायला लागले.

"तुम्ही तर काच वर करून आत गाणी ऐकत बसायचा. खाली उतरायचासुद्धा न्हाई. तुमचं वजन पण त्याच माणसांनी उचललंय."

जैनाचं घर, त्या दिवशीही सूर्य मावळायच्या आत ताट वाढलं गेलं, पण अण्णा भात नुसता चिवडत बसले. कानात 'मी जपून चालवतो' हेच घुमत होतं. साहेबाला खरं माहीत नव्हतं. गावाला पोटाची किंमत माहीत नव्हती. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? नव्वद लाख सरळ घरात येणार होते. पण त्यांना हुसेनभाई दिसायला लागले. स्वतःच्या लेकीच्या लग्नादिवशी नवा कोरा सदरा घालून मांडवातून पळत आलेले, आणि म्हैस उचलून सदऱ्याला ग्रीस लावून परत गेलेले. तेव्हा अण्णांनी आतून हात हलवला होता. तेवढाच. काचसुद्धा खाली केली नव्हती.

अण्णा ताटावरून उठले आणि तडक चौकात गेले. हुसेनभाई दुकान आवरत होते.

"काय अण्णा, काय हरवलं काय?"

"हुसेन, माझं जरा ऐक. सगळ्यांनी ऐका." गुळाच्या सौद्यात कधी एक पैसा न सोडणारे अण्णा आज दुकानाच्या पायरीवर चढून बोलत होते. "मोटारीचे पस्तीस लाख माझ्या नशिबाचे. पण ती आता नव्वदाला गेलीय. का, तर तिच्या पोटावर ओरखडा नाही. ते पोट तुम्ही राखलं. मी साहेबाला खोटं सांगितलं, उद्या खरं सांगणार. वरचे पंचावन्न लाख ज्यांनी हात लावला त्यांचे."

मग जो तो पुढं सरकला. ज्यांनी उचलली होती ते आलेच, पण ज्यांनी कधी शेजाऱ्याची बादली उचलली नाही तेही आले. सरपंच म्हणाले, "मी लांबून 'जोर लावा' म्हणायचो." एक जण म्हणाला, "मी पाळण्यात होतो, पण माझा आजा होता." साधुसंत नव्हते ते, पैसा कोणाला नको असतो? शेवटी मागोमाग चौकात आलेल्या पद्माक्कांनीच हुसेनभाईंना पुढं बसवलं आणि ते ज्याला ओळखतील त्यालाच वाटा, असं ठरवलं. सरपंचांना चहा मिळाला.

सगळं ठरल्यावर हुसेनभाई डोकं खाजवत म्हणाले, "अण्णा, एक मागू? त्या म्हशीचं पोट आम्हाला पाठ हाय. आत काय हाय ते मात्र ठाव न्हाई. जायच्या आधी एकदा आत बसवाल?"

"तूच पहिला," अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी एकालाही आत बसवलं नव्हतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

सकाळी ट्रक हायवेला येऊन उभा राहिला. देवस्थळी गावात आले, तर चौकात रांग. अण्णांनी आधी त्यांना खरं काय ते सांगितलं. देवस्थळी म्हणाले, "पोट तेच आहे, किंमत तीच राहील. पण ही रांग कसली?"

"एकेकाला हायवेपर्यंत फिरवून आणणार."

"अहो, वेड लागलंय का? ओरखडा आला तर पंचावन्न लाख जातील!"

"जातील ते यांचे जातील, आणि जपणारेही हेच आहेत," अण्णा म्हणाले. देवस्थळी पारावर डोकं धरून बसले.

पहिला मान हुसेनभाईंचा. ते आत बसले, गादी दाबून बघितली, आरशात मिशी बघितली. मोटार निघाली आणि पहिल्या गतिरोधकाशी थांबली. माणसं धावत आली, वाकली. अण्णा सवयीनं आत बसून राहिले. मग त्यांनी शेजारी बघितलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. धोतर खोचलं आणि मोटारीच्या तोंडाला हात घातला.

"अण्णा, बंपर सोडा!" आतून हुसेनभाई ओरडले. "निघून हातात येईल! खाली, चाकाच्या मागं हात घाला. गुडघ्यात वाका, कंबरेत न्हाई. आता सगळ्यांबरोबर... हां!"

म्हैस उचलली गेली. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला, मान ताठली. मोटार पलीकडं टेकली तेव्हा ते धापा टाकत म्हणाले, "हुसेन, लई जड आहे रे ही!"

हुसेनभाईंनी काच थोडी खाली केली. "कुठं जड? आज तर हलकी हाय. इतकी वर्षं तुम्ही आत असायचा."

चौक हसला. अण्णाही हसले, अगदी पोट धरून, आणि हसता हसता त्यांनी हुसेनभाईंना दोन्ही हात जोडले. हुसेनभाईंनी मानेनंच बरं म्हटलं, काच वर केली आणि गाणं लावलं.

दुपार झाली तरी फेऱ्या चालल्या होत्या. प्रत्येक गतिरोधकाशी अण्णा खाली उतरत होते. शेवटच्या फेरीला त्यांचे हात उचलेनात, तेव्हा देवस्थळींनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि त्यांच्या शेजारी वाकले. म्हैस ट्रकवर चढली. तिच्या पोटावर ओरखडा नव्हता.

तात्पर्य: आपल्या वस्तूला भाव आला, की तिच्याखाली कोणाकोणाचे हात होते ते आधी आठवावं, आणि त्यांचं देणं नुसते पैसे देऊन फिटत नाही, एकदा तरी खाली उतरून त्यांच्या जागी वाकावं लागतं.