चौकातलं वाळवण

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. मला कालची भाजी आठवत नाही.

एका नगरात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. मधे चौक. बाजाराच्या दिवशी दोन्हीकडची तरणी पोरं काठ्या घेऊन तिथे भिडायची. मागच्या बाजाराला वरच्या आळीतल्या येसूने खालच्या आळीतल्या एका पोराचा पाय कायमचा मोडला.

कोतवाल यायचा, पण ढोल वाजवत. तसा रिवाजच होता. ढोल ऐकला की पोरं पसार. मग तो विचारायचा, "कोण होतं?" आणि दोन्ही आळ्या मुक्या.

येसूची आई ताराऊ. खालची आळी आता सूड घेणार, हे तिला कळत होतं. नाव सांगावं तर लेक तुरुंगात, गप्प बसावं तर तिरडीवर. शेवटी ती कोतवालाकडे गेली.

"साहेब, ढोल घरी ठेवा आणि चौकात कावळे हाकायला या."

"बाई, माझे शिपाई गुंड हाकतात."

"ते काही जमेना. कावळे तरी बघा जमतात का."

बाजाराच्या दिवशी लोक खिडक्यांना लटकले. चौकभर पापड वाळत होते, ताराऊने दारोदार फिरून जमवलेल्या दोन्ही आळ्यांतल्या बायकांनी मिळून लाटलेले. आणि कोतवाल अनवाणी, भाल्याने कावळे हाकत होता. (माझे पापड असते, तर कावळेच आपणहून गेले असते.)

दोन्ही टोळ्या आल्या आणि थबकल्या. त्या नगरात डोकं फोडलेलं खपायचं, पण वाळवण तुडवणाऱ्याला कुणी पंगतीला बसू देत नसे.

"आई, पापड उचल," येसू म्हणाला.

"वाळल्यावर. आणि कडेचे आहेत ना, ते तू ज्याचा पाय मोडलास त्याच्या आईने लाटलेत. तुडवायचे तर तिथून सुरू कर."

ती बाई तिथेच बसली होती. येसूने मान खाली घातली.

कोतवाल सगळ्यांना म्हणाला, "मागचं विचारत नाही. काठी ठेवेल त्याला बाजाराच्या राखणीला घेतो. परत उचलेल त्याला तुरुंगात घेऊन जातो. कोणी उचलली, ते या बायाच सांगतील."

दोन्हीकडच्या बायकांनी माना डोलावल्या. ताराऊनेही.

येसूने काठी खाली ठेवली. त्या बाईने ती उचलली, वजन पाहिलं. "राहू दे माझ्याकडे. पोराला टेकून चालायला होईल."

मग एकेक काठी खाली आली. तेवढ्यात कावळ्यांनी अर्धे पापड नेले, पण त्यानंतर त्या चौकात कुणाचं हाड मोडलं नाही.

तात्पर्य: पहारेकरी आणि आळीतली माणसं एका जागी बसली, तरच पोरं धडधाकट घरी येतात.